डुक्कर फियाटच्या बंपरचे बोल्ट, ब्रॅकेट आणि हरवलेला ओव्हररायडर

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५९ची फियाट अकराशे, म्हणजे आपली डुक्कर फियाट, आजोबांनी घेतलेली आणि कोथरूडला पोर्चमध्ये बरीच वर्षं उभी. पत्र्याच्या कामासाठी दोन्ही बंपर उतरवले तेव्हा गॅरेजवाल्याने गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापले. पुढचा एक ओव्हररायडर, म्हणजे बंपरवर उभा बसणारा चकचकीत तुकडा, कधीचाच गायब आहे आणि मागच्या बंपरचा एक ब्रॅकेट, म्हणजे बंपर बॉडीला धरणारी पट्टी, मोडलेला. पुण्यात नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात "या गाडीचं काही मिळत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. तर सामान शोधायचं कुठे, नाही मिळालं तर बनवायचं कसं, स्टेनलेस चालेल का, आणि व्हीए नंबरच्या, म्हणजे व्हिंटेज गाडीच्या नोंदणीत याची अडचण येईल का?

नाना पेठेतल्या दुकानदाराला दोष देऊ नका. १९५९च्या फियाटचा बंपर बोल्ट मागितलात तर तो त्याच्याकडे नसणारच. तोच बोल्ट "दहा एमएम, सव्वा पिच, चाळीस लांबी, एट पॉइंट एट" असा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत; एट पॉइंट एट म्हणजे ८.८ ही मजबुतीची श्रेणी) मागितलात तर तो न उठता मागच्या खणातून काढून देईल. जुन्या गाडीचं सामान शोधताना निम्मं काम माप घेण्याचं असतं. गाडीचं नाव दुकानात शिरताना घ्यायचंच नाही, नाहीतर एकतर नकार मिळतो किंवा "व्हिंटेज" म्हणून तिप्पट भाव.

म्हणून ते कापलेले तुकडे आधी डिझेलमध्ये टाका आणि पितळी ब्रशने घासून काढा. एकही फेकू नका, अगदी चेपलेला वायसरसुद्धा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: पुढचा, मागचा, डावा, उजवा, बंपरचा की ब्रॅकेटचा. तुमच्याकडे ड्रॉइंग नाही, तेव्हा हे तुकडे म्हणजेच ड्रॉइंग.

फियाट मेट्रिक गाडी आहे. बंपरपाशी सहसा ८ आणि १० मिमीचे बोल्ट सापडतात. ८ मिमीला सव्वाची पिच ही नेहमीचीच, त्यात गोंधळ नाही. गोंधळ १० मिमीत आहे. हार्डवेअरच्या दुकानात १० मिमीचा बोल्ट मागितला की दीड पिचचा मिळतो, आणि जुन्या फियाटमध्ये सर्रास सव्वाचे बारीक आटे असतात. दीडचा बोल्ट सव्वाच्या नटात दोन फेरे जातो, मग अडतो, आणि मेकॅनिक म्हणतो "गंज आहे, मार जोर". तिथे आटे जातात. ओळखायची सोपी रीत सांगतो. स्टीलची पट्टी बोल्टच्या लांबीला लावून धरा आणि १५ मिमीत आटे मोजा. बारा भरले तर पिच सव्वा, दहा भरले तर दीड. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

पण हा हिशेब मूळ बोल्टचा. साठ वर्षांत ही गाडी किती हातांतून गेली असेल, आणि प्रत्येकाने डब्यात सापडेल तो बोल्ट ठोकला असेल. त्यामुळे इंची बोल्ट निघणारच. व्यास ९.५ मिमीच्या आसपास भरला तर तो तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अडीच सुतीचं प्रकरण जास्त फसवं आहे. तो ७.९ मिमीचा असतो, आणि थोडा झिजलेला ८ मिमीचा बोल्टही तेवढाच भरतो. व्हर्नियर तिथे काही सांगत नाही, आटेच मोजावे लागतात. बोहरी आळीत पिच गेज मिळतं, मेट्रिक आणि व्हिटवर्थ (जुने इंग्रजी इंची आटे) दोन्ही पात्यांचं घ्या. पातं आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर ते माप नाही. व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. त्यामुळे पिच जवळपास जुळली तरी उजेड खोटं बोलत नाही.

हे वाचणाऱ्यांत ॲम्बेसेडरवालेही असतील. तुमची गाडी मॉरिस ऑक्सफर्डची, तिथे यूएनएफ, म्हणजे युनिफाइड बारीक आटे. अडीच सुती आणि तीन सुती दोन्हींना इंचाला २४ आटे, आणि पाने अर्ध्या इंचाचा नि नऊ-सोळांशाचा. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून हे युनिफाइड आटे ठरवले. त्याआधीच्या इंग्रजी गाड्यांत बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) आणि व्हिटवर्थ, म्हणजे तीन सुतीला इंचाला २० किंवा १६. तीन सुतीच्या नावाखाली तीन वेगळे बोल्ट झाले, आणि बाजारात नुसतं "तीन सुती" म्हणालात तर बहुतेक वेळा १६वालाच हातात पडेल.

आता एक गोष्ट जी बरेच हौशी लोक विसरतात: जिथे बोल्ट आणि नट दोन्ही तुम्ही बदलणार आहात, तिथे पिच काय आहे याने काहीही बिघडत नाही. भोक दहाचं, बोल्ट दहाचा, त्याचाच नट, काम झालं. पिचची काळजी फक्त जिथे नट बॉडीला किंवा ओव्हररायडरच्या आत वेल्ड केलेला आहे तिथे. तेव्हा आधी यादी करा की कुठल्या ठिकाणी नट पक्का आहे. ही यादी बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा फार छोटी निघते.

सव्वा पिचचा १० मिमी बोल्ट दुर्मीळ आहे असं समजू नका. जपानी गाड्यांत तोच चालतो. त्यामुळे मारुती आणि जपानी घराण्यातल्या मोटरसायकलींच्या सामानात तो भरपूर सापडतो. नाना पेठ त्यासाठी उत्तम. फरक एवढाच की जपानी बोल्टचं डोकं १४च्या पान्याचं असतं आणि जुन्या युरोपीय बोल्टचं १७चं. आत लपलेल्या जागी कोण बघतंय?

यातून खरेदीचे दोन भाग आपोआप पडतात. ब्रॅकेटपासून बॉडीपर्यंतचे बोल्ट कुणाला दिसत नाहीत, पण सगळा भार त्यांच्यावर. तिथे डोक्यावर ८.८ कोरलेला, झिंक केलेला हेक्स बोल्ट, जाड वायसर आणि स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). नवा घ्या, बिल घ्या, विषय संपला. तिथे स्टेनलेसचा हट्ट धरू नका. उलट बंपरच्या तोंडावर जे घुमटासारख्या डोक्याचे बोल्ट दिसतात, त्यांच्यावर ताण कमी आणि नजर जास्त. वेळ आणि पैसा तिथे घालवा.

गाडीवर अजून काही बोल्ट अडकलेले असतील तर ग्राइंडर लांब ठेवा. अडकलेला नट आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, गंजाची पकड अशाने तुटते, मग उलटा फिरवा. गॅसने नट गरम करून त्यावर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि स्प्रे तेलापेक्षा बऱ्याचदा चांगलं काम करतं. मात्र या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आहे. मागच्या बंपरपाशी ज्योत न्यायचीच नाही, टाकी रिकामी असली तरी. वाफा उरतातच. तिथे नट स्प्लिटर वापरा, नटाची एक भिंत फोडतो आणि बोल्टचं डोकं शाबूत राहतं.

आता दिसणारे बोल्ट. बाजारात याला कॅरेज बोल्ट म्हणतात: वर गोल घुमट, खाली चौकोनी मान, म्हणजे पुढून पाना न लावता मागून नट आवळता येतो. स्टेनलेसमध्ये ८ आणि १० मिमीचे सहज मिळतात. ८ मिमीच्या बोल्टचं डोकं साधारण २० मिमी व्यासाचं, १०च्याचं २४च्या आसपास. तुमच्या तुकड्यांशी ताडून बघा. मूळ डोकं जास्त उंच किंवा जास्त पसरट निघालं तर बंपरच्या पत्र्यावर पडलेला जुना ठसा नव्या डोक्याखाली झाकला जातो की नाही ते महत्त्वाचं. ठसा दिसत राहिला तर कितीही चकाकी आणा, डोळा तिथेच जातो.

घेताना ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचाच घ्या. स्वस्तात मिळणारा २०२चा माल पुण्याच्या एका पावसाळ्यात तपकिरी डाग दाखवतो. चुंबकाने हा फरक नक्की कळत नाही. चांगल्या दुकानात तपासायचं रसायन असतं, थेंब टाकून दाखवा म्हणा. ए२-७० असा (३०४च्या वर्गाचा) छाप असलेला बोल्ट मिळाला तर बरं, पण हा छाप नेमका घुमटावर असतो आणि तो घासून काढल्याशिवाय बोल्ट जुन्या गाडीवर शोभत नाही.

घासायची पद्धत अशी. बोल्टवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि ड्रिलच्या चकमध्ये नट धरा, आटे धरू नका. ड्रिल व्हाइसमध्ये आडवं पक्कं करा. आधी २२०चा पॉलिश पेपर पाण्यासकट, अक्षरं जाईपर्यंत. मग ४००, ८००, १२००. प्रत्येक नंबरला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा. घुमटाच्या मध्यबिंदूवर ड्रिल फिरतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथे ओरखडे राहतात. तेवढी जागा शेवटी हाताने, बोटावर पेपर घेऊन काढायची. मग बफिंगचा साबण लावलेला कापडी बफ. दिसायला क्रोमच्या फार जवळ जातं. शेजारी ठेवलं तर क्रोम निळसर आणि स्टेनलेस जरा उबदार दिसतं, हे खरं. पण बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेत ते बघायला माणूस गुडघ्यावर बसावा लागतो. अशी माणसं रॅलीत असतात, पण त्यांच्यासाठी गाडी बांधायची का हे तुम्ही ठरवा.

आता या कॅरेज बोल्टची खरी अडचण, जी बसवायला गेल्यावरच कळते. १० मिमीच्या बोल्टची चौकोनी मान पाच-सहा मिमी खोल असते. बंपरचा पत्रा त्याहून बराच पातळ. मान पत्र्यातून पार होऊन मागच्या ब्रॅकेटच्या गोल भोकावर टेकते, कारण दहाच्या चौकोनाचा कर्ण चौदा भरतो. नट कितीही आवळा, डोकं बंपरवर बसतच नाही, खाली फट राहते आणि बंपर खडखडतो. लोक मग रबराचा वायसर घालतात. ते करू नका. मान कानशीने किंवा लेथवर उतरवून पत्र्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवा. लेथवाल्याला हे मिनिटांचं काम आहे, फक्त त्याला "चौकोन एवढाच ठेव, बाकीचा दहाला गोल कर" असं खडूने मारून दाखवा.

बंपरचं चौकोनी भोकच झिजून गोल झालं असेल तर बोल्ट नटाबरोबर फिरत राहतो. त्यावर बंपरच्या मागच्या अंगाला चौकोनी भोकाची छोटी पट्टी वेल्ड करता येते, पण ते प्लेटिंगच्या आधी. प्लेटिंग झालेलं असेल तर बोल्टच्या टोकाला हॅकसॉने एक खाच पाडा, नट आवळताना खाचेत स्क्रूड्रायव्हर धरून बोल्ट रोखता येतो.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळू नका, आणि एअर गनने तर नाहीच. आटे एकमेकांत चिकटून बसतात आणि मग कापण्याशिवाय गत्यंतर नसतं. तांब्याची अँटिसीझ पेस्ट लावा. "स्टेनलेस बोल्टमुळे लोखंडी बंपर गंजतो" असंही तुम्हाला कुणी सांगेल. छोटा स्टेनलेस बोल्ट मोठ्या लोखंडी भागात असेल तर नुकसान नगण्य. उलटं मात्र वाईट, म्हणजे अख्खा बंपर स्टेनलेसचा आणि बोल्ट साधे लोखंडी. ते बोल्ट लवकर खाल्ले जातात.

डोक्याचा आकार बाजारातल्या कशाशीच जुळत नसेल तर बनवून घ्यायचे. भोसरी, शिवणे, नऱ्हे या बाजूला छोटे जॉबवाले भरपूर आहेत. अडचण अशी की मोठ्या कंपन्यांची हजारांची कामं सोडून तुमचे सहा बोल्ट कुणी हातात घेत नाही. शनिवारी दुपारी, मशीन मोकळं असताना जा. नमुना आणि कागदावर काढलेलं माप दोन्ही द्या. मोजून हवेत तेवढे न सांगता थोडे जास्त सांगा, कारण सेटिंगलाच खरा वेळ जातो आणि पुढचे नग जवळपास धातूच्या भावात पडतात. ईएन-८ पोलादाचा बार पुरेसा आहे. कुणी पितळ सुचवेल, कारण वळायला आणि प्लेटिंगला सोपं. डोकं सुंदर होतं, पण आटे नाजूक राहतात. क्रोमचा थर चढणार असेल तर आटे झाकून घ्यायला सांगा किंवा नंतर डाय फिरवून घ्या, नाहीतर नट चढत नाही. आणि १०.९ किंवा १२.९चे ॲलन बोल्ट कधीच साध्या प्लेटिंगला टाकू नका. कडक पोलादात ॲसिडमधून आणि प्लेटिंगमधून हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट नंतर कधीतरी, उभ्या गाडीवर, विनाकारण तुटतो.

ब्रॅकेटबद्दल माझं मत जरा ठाम आहे. आपल्याकडे मोडलेला ब्रॅकेट दिला की गॅरेजमध्ये बारा मिमीच्या प्लेटचा नवा करून देतात आणि वर "आता काही होत नाही बघा" म्हणतात. हेच नको आहे. ब्रॅकेट आधी वाकायला हवा, म्हणजे बॉडी वाचते. मूळ जाडी मोजा आणि तीच ठेवा. वेल्ड करण्याआधी तुटलेल्या कडेवर कानस फिरवून बघा. कानस नीट चावली तर साधं पोलाद, बिनधास्त वेल्ड करा. कानस घसरत असेल तर स्प्रिंगचं पोलाद असणार. ते सरळ वेल्ड केलं की जोडाशेजारीच ठिसूळ होतं आणि पुन्हा तिथेच तुटतं. अशा वेळी नवा बनवा. दुसऱ्या बाजूचा शाबूत ब्रॅकेट घेऊन त्याचा उलटा आकार आधी पुठ्ठ्यावर, मग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उतरवा. पट्टी गाडीवर लावून बघा, आणि ती बसली की मगच लोहाराकडे जा. त्याने लाल करून वाकवावी. थंड वाकवलेल्या पट्टीला वळणावर बारीक चिरा पडतात.

आणि ओव्हररायडर. आधी शोध. मुंबईत कुर्ल्याला, म्हणजे जिथे प्रीमियरचा (ही फियाट आणि नंतरची पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीचा) कारखाना होता तिथेच, जुन्या सामानाचा बाजार आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली आणि वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३च्या शेवटी रस्त्यावरून गेली. त्यामुळे पद्मिनीचं सामान अजून फिरतंय. पण पद्मिनीचा बंपर तुमच्या गाडीला बसत नाही, उगाच उचलून आणू नका. स्पेसर, वायसर, रबर असं किरकोळ मात्र जरूर बघा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे ओव्हररायडर सापडेलच असं नाही, पण व्हिटवर्थचे पाने, जुने टॅप-डाय, पिच गेज कवडीमोलाने मिळतात. सकाळी लवकर जा. इटलीतल्या विक्रेत्यांकडे बंपरला "पाराउर्ती" आणि ओव्हररायडरला "रोस्त्री" म्हणून शोधा. भाडं आणि कस्टम धरून हिशेब करा, वस्तूची किंमत त्यात सगळ्यात लहान आकडा निघू शकतो.

नाहीच मिळाला तर जो एक आहे त्यावरून दुसरा करायचा. आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलादी पत्रा. नाही चिकटला आणि हाताला जड लागला तर जस्ताचं डायकास्ट असू शकतं. त्याला ॲसिडमध्ये किंवा गॅसच्या ज्योतीजवळ कुणाला नेऊ देऊ नका, उरलेला एकही जाईल. मग बघा की डावा-उजवा सारखाच आहे का. बंपरच्या वळणामुळे मागची कड एका बाजूला तिरकी असू शकते. ती तिरकी असेल तर आरसा-प्रत लागेल.

पत्र्यात करायचा तर लाकडी साचा करून दोन अर्ध्या वाट्या ठोकायच्या आणि मधोमध वेल्ड करायच्या. जुने डेंटर हे करतात, पण त्यांना पुटीची, म्हणजे खड्डे भरायच्या लेपाची सवय असते. पुटीवर प्लेटिंग चढत नाही. एकूण एक खड्डा धातूनेच भरायचा, वेल्ड नाहीतर ब्रेझिंग, आणि कानशीने उतरवायचा. कसब्यात तांबट आळीत मठारकाम (पत्रा हातोडीने ठोकून घडवणं) करणारे हात अजून आहेत. गाडीचं काम त्यांच्या रोजच्यातलं नाही, पण पितळी पत्रा, साचा आणि नमुना असं तिन्ही समोर ठेवलंत तर वळण पकडायची नजर त्यांच्याकडे आपल्या डेंटरपेक्षा चांगली आहे. पितळावर निकेलही छान बसतं.

दुसरा मार्ग ओतकामाचा, आणि आजच्या पुण्यात तो मला जास्त पसंत आहे. शाबूत ओव्हररायडर स्कॅन करून संगणकावर उलटा करायचा, थ्रीडी प्रिंट काढायची आणि ती नमुना म्हणून देऊन वाळूच्या साच्यात पितळ ओतून घ्यायचं. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. १५० मिमीच्या वस्तूत ते दोन मिमीहून जास्त होतं आणि शेजारी-शेजारी लावल्यावर डोळ्याला कळतं. म्हणून प्रिंटच दीड टक्का मोठी काढायची, आणि वर घासण्यासाठी थोडं जास्त. ओतीव तुकडा जड होतो. आतून शक्य तेवढा पोकळ ठेवा आणि बोल्टसाठी आत पोलादी नटाची जागा सोडा, पितळातच आटे पाडू नका.

प्लेटिंग हा वेगळा विषय आहे, इथे तीनच गोष्टी. पहिली: सगळं वेल्डिंग, भोकं, वाकवणं आणि गाडीवर कोरडं बसवून बघणं हे आधी. क्रोम चढलेला बंपर ठोकून जुळवणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरी: चकाकी आणि टिकाऊपणा क्रोमचा नसतो, खालच्या निकेलचा आणि त्याखालच्या पॉलिशचा असतो. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनलाही पुरत नाही. फर्निचरच्या नळ्यांना चालतं तेवढं निकेल बंपरला पुरत नाही. बाहेर राहणाऱ्या वस्तूला २५-३० मायक्रॉन निकेल लागतं, आधी तांब्याचा थर. हे बोलून, कागदावर लिहून घ्या आणि जाडी मोजून द्या म्हणा. माझ्या ओळखीच्या एका गाडीचा बंपर दुसऱ्या पावसाळ्यात सालपटं सोडायला लागला. कारण एवढंच की दर किलोवर ठरला होता आणि निकेल वाचवलं होतं. प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जा, असा माणूस जास्त पैसे घेतो पण त्याची टाकी नीट राखलेली असते. तिसरी: बंपरच्या आणि ओव्हररायडरच्या आतल्या खोबणीत प्लेटिंग जवळजवळ पोचतच नाही. घरी आणल्यावर आतून स्वच्छ धुवा, वाळवा आणि झिंक प्रायमर मारा. बंपर नेहमी पाठीमागून सडतात.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने. ओव्हररायडर आणि बंपर यांच्यामध्ये रबरी बीडिंग हवंच, नाहीतर क्रोमवर क्रोम घासतं. आधी ब्रॅकेट बॉडीला अर्धवट आवळा, बंपर दोन्ही बाजूंनी बॉनेटच्या कडेपासून मोजून सरळ करा, मग मधून बाहेर या क्रमाने पक्के करा. थोडं फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. आणि नव्या हार्डवेअरवर भरवसा असला तरी जॅक बंपरखाली लावू नका, टोचनचा दोरही तिथे बांधू नका.

राहिली नोंदणी. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पुढे पुनर्नोंदणीला ५,०००. ज्या गाडीची नोंदणी आधीपासून आहे तिला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आजोबांच्या नंबरसाठी व्हीएची घाई करायचं कारण नाही. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवली की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. नियमात मनाई आहे ती चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार करायला. नवे बोल्ट, नवा ब्रॅकेट, नवा ओव्हररायडर त्यात येत नाहीत. पण तुमच्या गाडीला वेगळी चासी नाही. मेकॅनिक ज्याला चासी म्हणतात ती बॉडीचीच तळाची लांब पेटी आहे. दुसऱ्या गाडीचा ब्रॅकेट जुळवण्यासाठी तिथे कुणी नवं भोक पाडायला किंवा पट्टी वेल्ड करायला निघालं तर थांबवा आणि ब्रॅकेटलाच लांबट भोक करून घ्या.